दृष्टीची फीत

सहलीची बस शेतात कलंडली आणि सरकारी दवाखान्याचा व्हरांडा पोरांनी भरून गेला. सिस्टर एकेकाला तपासून मनगटाला रंगीत फीत बांधत होत्या. तेजलच्या रेवाची हनुवटी फुटली होती. तिला हिरवी मिळाली.

"हिरवी म्हणजे थांबायचं. लाल आधी, मग पिवळी," सिस्टर म्हणाल्या. "पोरगी ठणठणीत आहे हो तुमची!"

एवढी पोरं कण्हत असताना असं मोठ्यानं बोलतात का? चार आया वळून बघायला लागल्या. तेजल एम.एस्सी. झालेली, तरी तिची नजर सिस्टरांच्या ट्रेकडे गेली. ट्रेमध्ये काळ्या फितींचा गठ्ठा तसाच पडला होता, कुणी हात न लावलेला. सिस्टरांची पाठ वळताच तिनं एक उचलली आणि पेंगणाऱ्या लेकीच्या मनगटावर, हिरवी झाकून, बांधून टाकली. दृष्ट नको लागायला.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. फीत बघून थबकले, मान खाली घालून तेजलला म्हणाले, "ताई, धीर धरा. उशीर झाला."

"कशाला उशीर?" रेवानं डोळे उघडत विचारलं.

डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. सिस्टर धावत आल्या. "अहो, काळी गेलेल्यांना बांधतात! ही कुणी बांधली?"

तेजलनं ओढणीत तोंड लपवलं. कण्हणारी पोरंसुद्धा खिदळायला लागली.

टाके घालून झाल्यावर रेवानं हळूच विचारलं, "आई, मी मेले होते?"

"हो गं. माझ्यामुळे. पाचेक मिनिटं."

"मग उद्या शाळेला सुट्टी ना?"