चौघांचं आंदोलन

"पाचवा आला की एकानं निघायचं. लगेच. वाद घालत बसायचं नाही," वृषालीने तिसऱ्यांदा बजावलं.

लवळे फाट्यावर ते चौघेच उभे होते: वृषाली, ज्ञानदा, किशोर आणि अनिमेष. हातात पुठ्ठ्याचे फलक, ‘गांजावरची बंदी उठवा’. समोर तीन गाड्या आणि काठ्या-ढाली घेतलेले चाळीस पोलीस. चौघांसाठी चाळीस! एवढी सरबराई तर जावयाचीही होत नाही.

सभेची परवानगी नाकारून वर जमावबंदी लावली होती. पाच माणसं एकत्र दिसली की गुन्हा. वृषाली वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने हुकूम दोनदा वाचला आणि तिघांना शब्द दिला, "चौघंच उभे राहू. कुणावरही गुन्हा दाखल होऊ देणार नाही." ज्ञानदा पुढच्या महिन्यात शाळेत कायम होणार होती. तिची नोकरी या शब्दावर टांगलेली. सकाळपासून वृषाली सारखी माणसं मोजत होती.

इन्स्पेक्टर विलासराव जवळ आले. आवाज अगदी घरातला.

"ऊन लागेल, ताई. त्या वळणापलीकडे रंभाबाईंची टपरी आहे. चहा तरी घ्या."

"आम्ही इथून हलणार नाही, साहेब."

"तुमची मर्जी," म्हणून ते जीपमध्ये बसून निघूनही गेले.

समोरच्या वसतिगृहाच्या गच्चीवर शे-दीडशे पोरं मोबाईल रोखून उभी होती. त्यांच्यादेखत चौघांवर हात टाकायची पोलिसांची छाती होत नव्हती.

मग पाचवा आला. बारीक कापलेले केस, साधा शर्ट आणि पायात पोलिसी तपकिरी बूट.

"मीबी तुमच्यासंगं हाय," म्हणत तो रांगेकडे आला. पलीकडे फौजदाराची शिट्टी तोंडाशी गेली. तेवढ्यात किशोरने आपला फलक त्याच्या हातात कोंबला आणि तो वळणाकडे चालू लागला. चार.

दुसरा आला. अनिमेष निघाला. चार.

तिसरी एक बाई आली, तसेच बूट. ज्ञानदा पांढरी पडली.

"नक्की ना गं?"

"नक्की. जा तू."

आता वृषालीच्या शेजारी तीन पोलीस गांजाचे फलक धरून घाम पुसत होते. भीती वाटत असूनही तिला हसू आवरेना. चौथा पोलीस रस्ता ओलांडून आला तेव्हा तिने आपला फलक त्याच्या हाती दिला आणि ती निघाली. गच्चीवर शिट्ट्यांचा एकच कल्ला झाला. मागे चार पोलीस फलक घेऊन उभे राहिले. ते खाली ठेवायचे की नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

वळणाआड गच्ची दिसेनाशी झाली. टपरीच्या बाकावर तिघे एकमेकांना टाळ्या देत होते. ज्ञानदाने तिला मिठीच मारली. वृषालीला एकदम रडू फुटलं. जिंकलो आपण! सकाळपासून पहिल्यांदाच तिने मोजणं सोडलं.

रंभाबाईंनी कप पुढे केला. "घे गं लेकी. लई येळ उन्हात हुबी व्हतीस."

टपरीमागून विलासराव बाहेर आले. सोबत कॅमेरा घेतलेला शिपाई होता. त्यांनी शांतपणे बोट उचललं. किशोर. अनिमेष. ज्ञानदा. वृषाली.

मग ते बोट चहा गाळणाऱ्या रंभाबाईंवर येऊन थांबलं.

"पाच," ते म्हणाले.