समासातला शेरा

"तो गठ्ठा राहू दे गं," आत्या म्हणाली. "रद्दीत जाऊ दे."

पण मुलीने सुतळी सोडली होती. बाबांनी तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते वर्तमानपत्रातले राजकीय लेख उत्तरपत्रिकांसारखे तपासत. लाल पेन्सिल, समासात शेरे, शेवटी दहापैकी गुण. बोलतो एक नि करतो भलतंच, त्याला 'को.पा.', म्हणजे कोरडा पाषाण. मुद्दा सोडून माणसाला झोडपलं, तर 'व्य.वा.', व्यक्तीवर वार. त्याला सरळ शून्य. "आग लागली असं चोराने ओरडून सांगितलं, तरी आधी बादली आणावी," ते म्हणत. "चोराचं नंतर बघू."

मुलीचे स्वतःचे लेखही त्यात होते. चार गुण, पाच गुण. एकदा साडेसहा, तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन केला होता.

सगळ्यांत वर तिचा शेवटचा लेख होता, मधोमध दुमडलेला. सभांमधून म्हाताऱ्यांना मिठ्या मारणाऱ्या मंत्र्यांवरचा. 'म्हाताऱ्यांना योजना नकोत, दाराची कडी वाजायला हवी,' असं तिने लिहिलं होतं. तेव्हा ती आठ महिने या घरी फिरकली नव्हती. त्यानंतर ती आली ती बाबा गेल्यावरच.

त्या ओळीसमोर लाल अक्षरं होती. को.पा.

"बरोबरच आहे बाबांचं," ती म्हणाली.

आत्या पलंगाच्या कडेवर बसली. "बाबांचं नाही, माझं अक्षर आहे ते. शेवटी शेवटी हात फार थरथरायचे, म्हणून दादा सांगायचा नि मी शेरे लिहायचे. हा त्याने नव्हता सांगितला. मलाच राग आला. म्हटलं, लोकांना शहाणपण शिकवतेय, नि बाप इथे दाराकडे डोळे लावून बसलाय."

"मग? काय म्हणाले?"

"पेन्सिल ओढून घेतली माझ्या हातातून. स्वतःच काहीतरी खरडलं नि घडी घालून ठेवून दिलं. मी नाही बघितलं पुन्हा."

आत्याच्या शेऱ्यापासून एक वाकडातिकडा बाण घडीआड गेला होता. मुलीने पान उलगडलं.

'व्य.वा. आत्याला शून्य,' बाबांनी लिहिलं होतं. आणि त्याखाली, दोनदा गिरवून: 'मुद्दा खरा. दहापैकी दहा. साक्षीदार मी.'