बर्फ उतरेपर्यंत

"मार्चपर्यंत थांब, मावशी," वार्दिस म्हणाला. "आत्ता वर माणूस काय, बकरीसुद्धा जात नाही."

रोदान्थी मावशीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आपली पिशवी टेबलावर रिकामी केली. जवाचे कडक पाव, चीजचा मोठा तुकडा, सुके अंजीर, घरच्या दारूची बाटली, लोकरीचे मोजे. शेवटी तिने बुटांचा जोड काढला. पुरुषाचे बूट होते, तेल चोळून मऊ केलेले.

वार्दिसने नजर वळवली. ते तिच्या धाकट्याचे, स्ट्रातिसचे बूट होते.

जानेवारीतला तीर्थाचा सण झाला, पाद्रीबाबांनी समुद्रात क्रूस टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून मावशीने हे सुरू केलं होतं. मला वर घेऊन चल. माझा मुलगा गेला तिथल्या मेंढपाळांच्या खोपटात मला मेणबत्ती लावायची आहे. गेले आठ दिवस वार्दिस रोज नवी सबब सांगत होता. आधी वादळ होतं, मग रस्ता बंद होता, मग त्याचा गुडघा दुखत होता. कॉफीच्या दुकानात लोक हसत. "काय वार्दिस, म्हातारीला कधी नेतोस बर्फात खेळायला?" काल तर ती एकटीच निघाली. बर्फ उपसणाऱ्या गाडीवाल्याने तिला अर्ध्या वाटेवरून परत आणून सोडलं.

दोन वर्षं मात्र तिने डोंगराचं नाव काढलं नव्हतं. वर्षश्राद्धाला उकडलेले गहू वाटतानाही तिचे डोळे कोरडे होते. काळजाचा दगड झाला, असं बायका म्हणाल्या. तो दगड आता फुटला असेल, असं वार्दिसला वाटलं.

सगळा घोळ झाला होता तो तिच्या थोरल्यापायी. चराऊ रानाच्या भांडणात त्याने स्कुलाकिसांचा एक मुलगा गोळी घालून मारला आणि तो तुरुंगात गेला. स्कुलाकिसांना रक्ताच्या बदल्यात रक्त हवं होतं. हाताशी उरला होता धाकटा स्ट्रातिस. त्याने जन्मात बंदूक धरली नव्हती. मग दोन हिवाळ्यांपूर्वी तो डोंगरावर गेला आणि हिमवादळात हरवला. शोधायला गेलेल्यांना खोपटाजवळच्या कड्यापाशी त्याचा कोट मिळाला, तो स्वतः मिळाला नाही. देवानेच निवाडा केला म्हणत स्कुलाकिसांनी बंदुका खाली ठेवल्या.

कोट कड्यापाशी ठेवला होता वार्दिसने. स्ट्रातिस त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्याला डोंगराच्या पलीकडच्या अंगाने दक्षिण किनाऱ्याला उतरवून वार्दिसने बोटीत बसवलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. बायको स्कुलाकिसांची लेक.

आता या म्हातारीला, जिथे कुणी मेलंच नाही तिथे मेणबत्ती लावायला न्यायचं? वाटेतच तिचं काही झालं तर?

"जळण नेता येईल का रे?" मावशीने विचारलं.

"मेणबत्ती लावायला जळण कशाला?"

"असू दे थोडं." ती मोजे बुटांत कोंबू लागली. "वार्दिस, त्या खोपटात शेकोटीशिवाय माणूस किती तग धरतो?"

बिचारी मुलाचे शेवटचे क्षण मोजतेय. तिला धीर द्यावा म्हणून तो जवळ बसला.

"त्याचा विचार करू नकोस, मावशी. गारठ्यात त्रास होत नाही. गुंगी येते, झोप लागते. पहिल्याच रात्री सगळं संपतं."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. "पहिल्याच रात्री?"

"हो. काही कळतसुद्धा नाही."

"आणि चांगला दणकट असला तर? तिशीतला?"

"मावशी, पुरे आता."

"तू नेत नसशील तर मी जाते." ती उठली. टेबलाला धक्का लागून अंजीर जमिनीवर सांडले. ती ते वेचायला खाली बसली आणि बसल्या जागीच हुंदके देऊ लागली. दोन वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

वार्दिसला राहवेना. बायको माहेरी गेली होती, चार घरं पलीकडे. तरी त्याने दाराला कडी घातली आणि मावशीपुढे गुडघे टेकले.

"ऐक, मावशी. वर कुणी नाही. स्ट्रातिस मेला नाही. मीच त्याला पलीकडे उतरवून बोटीत बसवला. आईलाही कळवायचं नाही अशी शपथ मीच घातली होती त्याला. तुझा मुलगा जिवंत आहे. बसला असेल कुठेतरी परमुलखात, उबेत."

ती किंचाळेल, थोबाडीत मारेल, गळ्यात पडेल, असं त्याला वाटलं. तिने फक्त मान वर केली.

"तो तू होतास?" ती हळूच म्हणाली. "नाव नाही सांगितलं त्याने कधी."

"म्हणजे... तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या ईस्टरपासून. फोन करायचा. तुझी बायको त्यांची म्हणून मी तुझ्यापाशी तोंड उघडलं नाही. कळलं असतं तर त्यांनी त्याला जिवंत ठेवला नसता." खिडकीतून पांढराफेक डोंगर दिसत होता. ती तिकडे बघायला तयार नव्हती. "मला भेटायला निघाला होता रे. त्याच वाटेने, डोंगर ओलांडून. खोपटात अडकलोय, आई, बर्फ थांबला की उतरतो, एवढं बोलला आणि फोन बंद पडला."

"कधी?"

"मी पहिल्यांदा तुझ्या दारात आले ना, त्याच्या आदल्या रात्री."