सांगेपर्यंत

मुकादमाने फोन टेबलावरून पुढे सरकवला. "तुझ्या भाषेतला माणूस होता. त्याच्या आईला तूच सांग."

वेल्डर फोनकडे बघत राहिला. बटणांचा जुनाट फोन, कडेला करडा रंग वाळलेला. या गोदीत त्याची भाषा बोलणारी दोनच माणसं होती. एक तो स्वतः. दुसरा रंगारी. तो आज सकाळी जहाजाच्या पोटातल्या टाकीत रंग मारायला उतरला आणि वर आला तो चौघांच्या खांद्यावरून. आतली हवा कोंडली होती. पंखा लावायचा राहून गेला होता. कुणाकडून, ते कुणी बोलत नव्हतं.

वेल्डरने त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकावर एक अशा खाटांवर. खाली वेल्डर भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि वरून याची टकळी चालू. आईची, शेजाऱ्यांची, इथल्या समुद्राची. "दादा, ऐकतोस ना?" वेल्डर नुसता "हं" म्हणायचा. परमुलखात राहून राहून त्याचं बोलणंच आटलं होतं. कामावर हातवाऱ्यांनी भागायचं. घरी फोन लावला तरी "बरं आहे, ठेवतो" यापलीकडे शब्द सापडत नसत, म्हणून हल्ली तो लावतही नसे. कधीकधी वैतागून ओरडायचा, "अरे, तोंडाला कुलूप लाव जरा!"

आता लागलं होतं.

त्याने रंगाऱ्याच्या त्याच फोनवरून आईचा नंबर लावला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"आई," वेल्डर म्हणाला. पुढचं वाक्य त्याने मनाशी जुळवून ठेवलं होतं.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग बाई एकदम घाईघाईने बोलायला लागल्या. "बोल रे बाळा! आज भरदुपारीच आठवण झाली होय आईची? जेवलास का?"

जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. आपण कोण ते सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडून निघालं, "जेवलो."

"काय अर्धपोटी उठला असशील. आणि समुद्र कसा आहे रे आज? रोज सांगतोस, आज राहिलंच."

वेल्डरने इतक्या वर्षांत समुद्राकडे धड पाहिलं नव्हतं. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे पत्र्याला गंज चढवणारं खारं पाणी. त्याने खिडकीकडे मान वळवली. क्रेनच्या पायांमधून पाण्याची एक पट्टी दिसत होती.

"शांत आहे. लांबवर एक होडी आहे."

"येतेय की जातेय?"

"जातेय," तो म्हणाला.

मुकादमाने भुवया उंचावून विचारलं, सांगितलंस? वेल्डरने मान हलवली. नाही.

"आणि तो तुझा दादा कसा आहे?" बाई थांबायला तयारच नव्हत्या. "तोंडाने खेकसतो, पण झोपेत पांघरूण सरकलं तर उठून घालतो म्हणालास. खोकला गेला का त्याचा?"

रेडिओ तेव्हा जागा असायचा तर.

"गेला खोकला."

"त्याला म्हणावं, घरी फोन करत जा. बोलायला काही नसलं तरी कर. आम्ही नुसतं ऐकत बसतो हो, चालतं आम्हाला."

"सांगतो," तो म्हणाला. प्रत्येक उत्तराबरोबर तो आणखी खोल रुतत होता. आज ना उद्या या बाईला खरं कळणारच. एका आईला आपण असं फसवलं, हे घेऊन त्याला त्याच खोलीत परतायचं होतं. वरची खाट आता रिकामी असणार होती आणि तिच्याखाली किती वर्षं पडून राहायचं, ते त्याला कुणी सांगणार नव्हतं.

मुकादमाने टेबलावर बोटं वाजवली.

"आई," वेल्डर म्हणाला, "एक सांगायचं होतं..." आणि त्याचा आवाज फुटला.

पलीकडचं बोलणं थांबलं. पुन्हा आवाज आला तेव्हा तो एका थकलेल्या म्हातारीचा होता.

"सांग आता, दादा," ती म्हणाली. "पहिल्या हाकेलाच कळलं मला, हा माझा नव्हे म्हणून. पण तू सांगेपर्यंत तरी तो होता ना रे."