उरलेला कोन

दुर्गाच्या नणंदेच्या, वैष्णवीच्या हातांवर कोपरापर्यंत लग्नाची मेंदी काढायला पुसदहून बाई आली होती. दुर्गाचं स्वतःचं लग्न बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली घाईत उरकलं. तिच्या हाताला मेंदीचा ठिपकासुद्धा लागला नव्हता. मेंदी सुकत आली की रंग चढावा म्हणून कापसाच्या बोळ्यानं तीवर लिंबू-साखरेचं पाणी टिपायचं काम तेवढं तिच्या वाट्याला आलं. तिनं वाटीत ना लिंबू पिळलं, ना साखर घातली. मेंदी फिकी तर नवऱ्याची माया फिकी, असं बाया म्हणतात. राहू दे फिकी, म्हणत ती नुसतं पाणी टिपत राहिली. उरलेला कोन मात्र तिनं न्हाणीत जाऊन गुपचूप आपल्या तळहातावर पिळला.

सकाळी वैष्णवीचे हात फिके नारिंगी निघाले. दुर्गाचा तळहात काळाभोर.

"दादा लय जीव लावते वयनी तुले," वैष्णवी हिरमुसून म्हणाली. "माह्या हाताले त रंगच नाही चढला."

दुर्गानं तिचा मऊ हात आपल्या हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

"जीवाचं नाही वं बाई. कापूस वेचून वेचून कातडं जाड झालं का मेंदी अशीच रंगते. तुहा हात फिकाच राहू दे."