दोन ते सात

खिचडी, त्यात गाजर.

निळ्या चादरी, उन्हात वाळवलेल्या.

एकवीस वर्षं शाळेत शिकवलं.

भुतू. चोर आला तर त्याला चाटून मारील.

साडेचार हजार. उशीर झाला तर वेगळे पैसे नाहीत.

*

आतून बाई काहीतरी ओरडल्या. सुधाताई थबकल्या आणि भिंत धरून खाली उतरल्या.

"पायरी आहे, आजी," मागून नूपुर म्हणाली.

कोलकात्यात, बागबाजारातली ही पहिली जागा. शाळा दोनला सुटते, मुलगा सलील आणि सून मानसी सातला घरी येतात. मधले पाच तास नूपुरला सांभाळेल असं घर शोधायचं होतं. दोन वर्षं ते तास सुधाताईंचे होते. आता त्यांचा गुडघा तिसऱ्या मजल्याला नाही म्हणू लागला होता. कऱ्हाडला धाकट्या बहिणीने, निर्मलाने, खालची खोली रंगवून ठेवली होती. तेवीस तारखेचं तिकीट काढलेलं होतं. जागा ठरली की जायचं.

"तुम्हीच बघून या, आई," मानसी म्हणाली होती. "मला एक शनिवार झोपू दे, नाहीतर मी पडेन कुठेतरी. बंगालीचं नूपुर बघेल."

नूपुर तिसरीत होती. बंगाली तिचं पाण्यासारखं होतं, मराठीत मात्र तिला अजून भूक 'लागला' असायचा.

"माझी आजी बंगाली बोलत नाही," तिने बाईंना सांगून टाकलं. "मला सांगा, मी तिला सांगते."

बाई बराच वेळ बोलल्या. मागची खोली दाखवली, झाकण काढून पातेलं दाखवलं, नूपुरची वेणी नीट केली.

"काय म्हणतात?"

नूपुर भिंतीकडे बघत राहिली. "म्हणते, रडलं की कोठीत ठेवतात. आणि जेवायला कालचं असते."

"कालचं?"

"रोज कालचं."

सुधाताईंनी पर्समधून वही काढून लिहिलं. त्यांचं लपेटीचं अक्षर नूपुरला वाचता येत नसे.

दारापाशी म्हातारा कुत्रा पसरला होता. त्याच्याकडे बोट करून बाई काही म्हणाल्या. सुधाताईंना एकदम ठसका लागला. त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"चावतो म्हणते," नूपुर म्हणाली.

"बाई गं," सुधाताई म्हणाल्या.

*

दुसरी जागा श्यामबाजारला. सात हजार. एसी, कॅमेरे, भिंतभर फुलपाखरं. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या मुलीने सगळं हसून सांगितलं.

"कॅमेरा बंद असते," नूपुर म्हणाली. "आणि मराठी बोललं की दंड."

"किती?"

नूपुरने याचा विचार केला नव्हता. "पन्नास."

"महाग आहे," म्हणत सुधाताईंनी लिहिलं.

*

तिसरी सियालदहजवळ. दोन हजार आठशे. एका खोलीत सव्वीस मुलं, टीव्ही चालू, कोपऱ्यात ओली चटई. इथे नूपुरने एकेक वाक्य सांगितलं, काही गाळलं नाही; बाथरूम एकच आहे हेसुद्धा. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचं सांगणं त्या बाईच्या बोलण्याइतकं लांब झालं.

परतताना ऑटोत सुधाताईंनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला होता.

"एकपण चांगला नाही ना, आजी?"

"नाही बाई."

"मग तू कशी जाणार?"

"बघू."

नूपुरने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

*

संध्याकाळी चहाच्या वेळी सुधाताईंनी चष्मा लावला आणि वही डोळ्यांजवळ धरून वाचून दाखवलं. कोठी. कालचं जेवण. चावरा कुत्रा. बंद कॅमेरे. मराठीला पन्नास रुपये.

"मराठीला दंड?" सलील हसला. "आई, तू जागा बघायला गेली होतीस की धाड घालायला?"

नूपुर खुर्चीच्या दांड्याशी चाळा करत होती.

मानसी हसली नाही. "पण त्या पहिल्या बाईंबद्दल सगळे चांगलंच बोलतात, आई. मी उद्या फोन करून विचारते."

दांड्यावरचा हात थांबला.

"विचार की," सुधाताई म्हणाल्या. "मुलांना कोंडता का म्हटल्यावर हो कोण म्हणणार?"

"तुमची ऐकण्यात काही चूक झाली असेल."

"मी कुठे ऐकलं? ऐकलं नूपुरने. मला बंगाली येतं का?"

"तेच तर म्हणतेय मी."

"मग झालं तर. आठ वर्षांची पोर कोठी आणि कुत्रा मनाने रचेल का?"

मानसीने मुलीकडे बघितलं. नूपुर लालेलाल झाली होती. ती भीती आहे असं मानसीला वाटलं. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आणि तुमचा गुडघा?"

"गुडघा काय, तिकडेही दुखणारच आहे."

सलीलने तिकीट रद्द केलं. नूपुर उठली, आजीच्या कुशीत शिरली आणि डोकं वर काढेना.

सुधाताईंनी एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने कऱ्हाडला फोन लावला. "निर्मले, ती खालची खोली त्या मास्तरांना देऊन टाक भाड्याने. नाही, या वर्षी नाही. पुढचंही सांगत नाही." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. "हो गं. रंग छान झालाय. फोटो बघितला मी."

फोन ठेवून त्यांनी वही मिटली. पहिल्या पानावर पाच ओळी होत्या: खिचडीतलं गाजर, निळ्या चादरी, शाळेतली एकवीस वर्षं, चोराला चाटून मारणारा भुतू, साडेचार हजार. कोठी कुठेच नव्हती.

नूपुर पहिलीत गेली तेव्हापासून सुधाताई रोज बाराच्या सुमारास, सुटायच्या दोन तास आधीच, शाळेच्या फाटकासमोरच्या ओट्यावर, वाट बघणाऱ्या बंगाली आयांमध्ये, वर्तमानपत्र पसरून बसत; पहिल्या वर्षीची दुर्गापूजा झाल्यावर त्यांना बंगालीत कुणाला काही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.