चार रविवारांचं पाकीट

घड्याळजीनं पाकीट किटलीच्या वाफेवर धरलं. आपण काय करतोय हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून तर दुकानाचं दार आतून लावलेलं होतं.

पाकीट शिंपीणमावशीचं होतं. नाताळाआधीचे चार रविवार सहा जण प्रार्थनेला शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या घरी जमत. यंदा बाईंनी नवीनच टूम काढली. मनावरचं सगळ्यात मोठं ओझं कागदावर लिहायचं, पाकिटात बंद करायचं आणि चिठ्ठ्या टाकून ज्याच्याशी जोडी लागेल त्याच्याशी अदलाबदल करायची. मग पाकीट न उघडता त्या माणसासाठी रोज प्रार्थना. चौथ्या रविवारी ज्याचं त्याला परत.

"देवावर विश्वास ठेवता ना?" बाई म्हणाल्या होत्या. "आता शेजारच्या खुर्चीतल्या माणसावर ठेवून बघा."

घड्याळजी भाबडा. त्यानं खरं तेच लिहिलं. 'मला बारीक दिसेनासं झालंय. घरीही सांगितलेलं नाही.' आणि जोडी लागली मावशीशी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिच्याकडे कपडे शिवायला टाकले की साऱ्या गल्लीच्या बातम्या फुकट मिळत.

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. समोरचा दुकानदार हसला, तरी हा मान खाली घालून आत वळायचा. गुरुवारी एक जुनं गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ तसंच परत घेऊन गेलं. झालं, मावशी बोलली. आता तिचंही काहीतरी आपल्या हाती असावं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. प्रार्थना पहिल्या दिवसापासूनच राहून गेली होती.

पाकीट सुटलं. आत पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन-तीन ओळी होत्या. त्यानं कागद दिव्याखाली धरला, डोळ्याला भिंग लावलं. अक्षरं एकमेकांत मिसळून गेली. घाम पुसून पुन्हा पाहिलं, तरी तेच. शेवटी त्यानं कागद आत सारला, गोंद लावला आणि संध्याकाळी बाईंचं घर गाठलं.

दर रविवारी एक याप्रमाणे आज चौथी मेणबत्ती लागली. मावशीनं पिशवीतून त्याचं पाकीट काढून दिलं. त्याच्या चारही कडांना निळ्या दोऱ्याची दाट टीप मारलेली होती. घड्याळजीनं कडांवरून बोट फिरवलं. टीप कुठेही उसवलेली नव्हती.

"पहिल्याच दिवशी शिवून टाकलं," मावशी म्हणाली. "माझा माझ्यावर काडीचा भरवसा नाही. द्या आता माझं."

त्यानं दिलं. तिनं ते तिथेच फाडलं आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "देवा, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तू जाणतोस. ज्याचं पाकीट माझ्याकडे येईल, ते माझ्या हातून उघडलं जाऊ नये."

सगळे हसले. मावशीचे डोळे मात्र भरून आले होते.

"ऐकलं हो त्यानं," ती घड्याळजीला म्हणाली. "तुम्ही रोज माझ्यासाठी मागत होतात ना, म्हणून."

घड्याळजी शिवलेलं पाकीट हातात घेऊन उभा राहिला. ते उसवायची आता गरज नव्हती.

"मावशी, तुमचं पाकीट मी आज दुपारी उघडलं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "वाचता आलं नाही. मला दिसत नाही."